परंपरा नेमकी कोणाची?

१८७० च्या मार्च महिन्यात पुण्यात शास्त्र्यांचा मोठा वाद भरला. विधवेनं पुन्हा लग्न करणं शास्त्राला धरून आहे की नाही, याचा निकाल एकदाचा लावायचा होता. वाद करवीरच्या शंकराचार्यांपुढे होता आणि दोन्ही पक्षांनी आपापले पंच नेमले होते. पुनर्विवाहाची बाजू विष्णुशास्त्री पंडितांनी घेतली होती. ‘इंदुप्रकाश’ पत्रातून ते हा विषय सतत लावून धरत होते, आणि बंगालमधल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरचा ग्रंथ त्यांनीच मराठीत आणला होता.

वादाचा मुख्य आधार पराशरस्मृतीतला एक श्लोक. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे, असं सुधारक म्हणत. विरोधक म्हणत, हा श्लोक लग्न झालेल्या बाईला लागूच नाही, नुसतं वाग्दान झालेल्या मुलीपुरता तो आहे. शिवाय स्मृतीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट कलियुगात चालते असं थोडंच आहे! एका श्लोकावर विद्वानांचे दिवसच्या दिवस गेले आणि शेवटी निर्णय पुनर्विवाहाच्या विरोधात लागला.

या साऱ्या खटाटोपात एकाही विधवेला काही विचारलं गेलं नाही. त्या काळी ते कुणाला खटकलंही नसावं.

सुधारकांना शास्त्र्यांच्या दारात जाण्याची गरज का पडली, हा प्रश्न आज सहज मनात येतो. कायदा तर १८५६ मध्येच झाला होता आणि त्यानं विधवेचं लग्न वैध ठरवलं होतं. पण कायदा लग्नाला मान्यता देतो, लग्नाला भटजी देत नाही. १५ जून १८६९ रोजी मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर आणि बालविधवा वेणूबाई यांचं लग्न लागलं, तेव्हा नवराबायकोबरोबरच त्या लग्नाला हजर राहिलेल्यांवरही बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे पंगत तुटणार, श्राद्धाला ब्राह्मण मिळणार नाही, मुलीचं लग्न अडणार. ही शिक्षा कोणत्याही न्यायालयाच्या शिक्षेपेक्षा जबर होती, आणि तिच्या किल्ल्या धर्मपीठाच्या हाती होत्या. तेव्हा पराशरस्मृती उघडणं यात विष्णुशास्त्र्यांचा भाबडेपणा नव्हता. कुलूप जिथं होतं तिथंच ते किल्ली शोधत होते. पुढे १८७४ मध्ये त्यांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण भाषणं देणारे पुष्कळ होते आणि स्वतः करणारे थोडे.

मात्र या मार्गाला एक अट होती. शास्त्राच्या आधारानं हक्क मागायचा तर शास्त्र सांगणाऱ्याचा अधिकारही मान्य करावा लागतो. तो ‘नाही’ म्हणाला की संपलं.

आता त्याच महाराष्ट्रात जरा बाजूला पाहू. शास्त्री ज्या प्रश्नावर घसा कोरडा करत होते, तो प्रश्न मराठी मुलखातल्या बहुसंख्य जातींमध्ये नव्हताच. कुणबी, माळी, धनगर, सुतार, अशा कितीतरी जातींत विधवा ‘पाट’ लावत असे. कुठं त्यालाच मोहतूर म्हणत. पहिल्या लग्नाइतका मान पाटाला नसे, विधी रात्री उरकला जाई, पण नातं पक्कं आणि मुलं औरस मानली जात. मराठेशाहीत सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाचा करही घेत असे. ज्यावर कर बसतो तो व्यवहार चोरून होत नसतो.

तेव्हा ‘हिंदूंच्या परंपरेत विधवेनं लग्न करायचं नाही’ हे वाक्य कोणत्या हिंदूंबद्दल होतं? मूठभर वरच्या जातींबद्दल. त्यांची रीत पोथीत होती, पोथी इंग्रज न्यायाधीशांपर्यंत पोचली आणि बघता बघता तीच साऱ्यांची परंपरा ठरली.

याची झळ कुणाला लागली, ते पाहिलं तर हसावं की रडावं कळत नाही. १८५६ च्या कायद्याचं दुसरं कलम असं होतं की विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क ती जणू त्या दिवशी वारली असं समजून संपेल. ब्राह्मण विधवेला लग्नाची नवी मुभा मिळत होती, तिच्या बदल्यात हे कलम. पण जिच्या जातीत पाट पूर्वापार चालत आला होता, तिला या कायद्यानं नवं काहीच दिलं नव्हतं. मग तिचाही हक्क जाणार का? अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं म्हटलं, नाही. ज्यांना रूढीनंच मुभा होती त्यांना हे कलम लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १८९६ मध्ये ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात उलट निकाल दिला, की हक्क जाणार. बायकांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ असा लागला, की पाट लावणाऱ्या बाईची जमीन दीर-पुतण्यांकडे वळवायला तो कामी आला. जुनी परंपरा मोडून नव्हे, परक्या जातीची परंपरा लादून हे घडलं.

मिळकतीचा हा धागा आपल्याला रखमाबाईंच्या घरी घेऊन जातो. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, सुतार जातीतला. त्यांच्या आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. जातीत मुभा होती, म्हणून त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित डॉक्टरांशी लग्न केलं, आणि तत्पूर्वी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे केली. अकरा वर्षांच्या रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकल्या. दादाजीनं १८८४ मध्ये दावा लावला, की माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी हा दावा फेटाळला. बालपणी, संमती नसताना लग्न झालेल्या आणि कधीच नांदायला न गेलेल्या बाईला नको असलेल्या पुरुषाकडे ढकलणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. निकालात त्यांनी एक मुद्दा स्पष्ट मांडला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला आहे.

सनातनी पुण्यात यावर गदारोळ उठला. हिंदू विवाहसंस्थेवर घाला आला, अशी ओरड झाली. टिळकांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन्ही पत्रं रखमाबाईंच्या विरोधात उभी राहिली. अपिलात प्रकरण पुन्हा खाली आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात बसेन.

गंमत बघा. ज्या गोष्टीला हिंदू परंपरा समजून तिच्यासाठी सनातनी मंडळी हमरीतुमरीवर आली होती, ती होती इंग्लंडच्या पाद्र्यांची परंपरा. आणि खुद्द इंग्लंडनं अशा दाव्यात तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. म्हणजे लंडनची बाई ज्यातून सुटली होती, त्यात मुंबईची बाई हिंदू धर्माच्या नावानं अडकत होती. १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं दवाखाने चालवले. १९५५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि त्याच्या नवव्या कलमात हा दावा पुन्हा मानानं जाऊन बसला. इंग्लंडनं तो १९७० मध्ये पार रद्द केला, आपल्याकडे अजून आहे.

या काळातली एक बाई मात्र अशी होती, जी शास्त्र्यांच्या वादात स्वतः उतरू शकली असती. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांनाही पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला होता, आणि तो त्यांनी शास्त्रांचेच उतारे काढून दिला होता. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पुण्याच्या वादाच्या वेळी त्या जेमतेम बारा वर्षांच्या होत्या, हा काळाचा योगायोग. पण पुढे त्यांनी धर्मग्रंथ मुळातून वाचले आणि त्यांचा निष्कर्ष विष्णुशास्त्र्यांच्या सोयीचा नव्हता. ग्रंथांचं आपसात इतर कशावरही जमत नसलं, तरी बाईला हलकं लेखण्यावर त्यांचं एकमत आहे, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. आगरकरांनी तिसरी वाट धरली. शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, न्याय आणि बुद्धी काय म्हणते ते पाहा, असं ते बजावत राहिले.

रमाबाई आणि आगरकर तर्कानं बरोबर होते, असंच माझं मत आहे. पण ज्या बाईला त्याच जातीत, त्याच गल्लीत, त्याच देवापुढे उभं राहून आयुष्य काढायचं असतं, तिला केवळ तर्क पुरत नाही. तिला देवही हवा असतो आणि हक्कही. या दोन्ही गोष्टी एकदम मागण्यात विसंगती काढणं हा खुर्चीत बसणाऱ्यांचा उद्योग आहे.

शास्त्रातूनच हक्क काढायचा की शास्त्र बाजूला ठेवायचं, ही दोन वळणं मुंबईतल्या मुस्लिम बायकांच्या लढ्यातही दिसतात. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायका विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. दलवाईंचा रोख संविधान आणि समान नागरी कायद्याकडे होता, धर्मग्रंथातून आधार काढण्याचा नव्हता. चाळीसेक वर्षांनी, २००७ मध्ये, भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभं राहिलं. या बायका एका हातात संविधान आणि दुसऱ्या हातात कुराण घेऊनच बोलायला लागल्या. कुराणानं आम्हाला दिलेलं मौलवींनी काढून घेतलं, असा त्यांचा दावा.

वरळीच्या हाजी अली दर्ग्याचं प्रकरण त्यांनीच उच्च न्यायालयात नेलं. मजारीच्या आतल्या भागात बायकांना मज्जाव होता. कारण विचारलं की ‘शरियत’ असं उत्तर मिळे. पण नूरजहाँ सफिया नियाझ आणि झाकिया सोमण या अर्जदार बायकांचं म्हणणं साधं होतं. पूर्वी आम्ही आत जात होतो. मज्जाव २०११-१२ च्या सुमाराला सुरू झाला. दर्ग्याच्या विश्वस्तांनीही ते नाकारलं नाही. आधी आम्हाला शरियतमधल्या तरतुदी ठाऊक नव्हत्या, असा त्यांचा खुलासा होता. काही शतकांच्या दर्ग्यात चार-पाच वर्षांची परंपरा! २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयानं मज्जाव रद्द केला. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथं त्यांनी माघार घेतली आणि नोव्हेंबर अखेरीस बायका आत गेल्या. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही गुढीपाडव्याला बायकांना खुला झाला. तिथं कामी आला तो १९५६ चा महाराष्ट्राचा मंदिरप्रवेश कायदा.

मंदिर-दर्ग्याच्या बातम्यांना छायाचित्रं मिळतात. जमिनीच्या कागदाला मिळत नाहीत. म्हणून आता जमिनीकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचं खरं वजन तिथं आहे.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली. देशभर ती २००५ मध्ये आली. कायदा चांगला, स्पष्ट. तरी गावोगाव तलाठ्याकडे वारसनोंद होते तेव्हा बहिणी ‘हक्कसोडपत्रा’वर सही करून जातात. जबरदस्ती असते का? क्वचितच. भाऊ आहेर करतो, साडी नेसवतो, दिवाळीला न्यायला येतो. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही आणि सगळ्यांना कळते. माहेर ही मराठी बाईची किती मोठी शिदोरी आहे, हे जात्यावर बसलेल्या बायांनी पिढ्यानपिढ्या गाऊन ठेवलं आहे. पाच गुंठ्यांसाठी ती शिदोरी कोण घालवील? इथं बाईला मूर्ख किंवा भित्री म्हणणारा माणूस हिशेबात कच्चा आहे. म्हातारपणी आधार लागला तर सातबारा धावून येणार नाही, भाऊ कदाचित येईल, असा तिचा व्यवहार असतो. तो तिच्यापुरता शहाणपणाचा आहे, आणि एकूण समाजापुरता घोर अन्यायाचा.

या गाठीला हात घालण्याचा मला सर्वांत कल्पक वाटलेला प्रयत्न शेतकरी संघटनेचा. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम काढला. शेतकऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील, ते लक्ष्मीमुक्ती गाव. जोशी स्वतः पोथीनिष्ठ नव्हते, बाजारपेठ आणि अर्थशास्त्र यांत मुरलेले गृहस्थ. पण शेतकऱ्यापुढे त्यांनी कायद्याचं कलम ठेवलं नाही. घरातल्या लक्ष्मीच्या ऋणाची आठवण दिली आणि सीतेचं उदाहरण दिलं.

यवतमाळ जिल्ह्यात रावेरी गावी सीतेचं मंदिर आहे. त्यात राम नाही, एकटी सीता. गावात सांगतात, वनवासात टाकलेली सीता इथं बाळंत झाली, लवकुशांसाठी तिनं मूठभर गहू मागितले आणि गावकऱ्यांनी दिले नाहीत. मग तिनं शाप दिला, की तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला गावानंही धान्य नाकारलं आणि गावाला त्याचा भोग चुकला नाही, ही गोष्ट त्या गावानंच पिढ्यानपिढ्या जपली. पुढे जोशींनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार केला. परंपरेत सतीचा दगड असतो तशी रावेरीची सीताही असते. कुणाला उचलून पुढे आणायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

नावात लक्ष्मी असली तरी बदल झाला तो फेरफार नोंदवहीत. हक्काच्या गोष्टी शेवटी तिथं दिसाव्या लागतात. देवीचं नाव घेऊन नुसती ओटी भरली असती, तर या प्रकरणात त्या कार्यक्रमाचा उल्लेख करण्याचं कारण नव्हतं.

अगदी अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्तानं, ४ मे २०२२ रोजी, शिरोळ तालुक्यातल्या या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. दोनच आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामसभेच्या ठरावात शिक्षेची ताकद नाही. पण ही रीत पाळायला भाग पाडतं तेही गावच, पोलीस नव्हे. म्हणून गावानंच ती मागे घेण्याला मोल आहे. पुण्याच्या वादापेक्षा इथं आणखी एक फरक दिसतो. ग्रामसभेत बायका बसतात आणि त्यांचं मत मोजलं जातं.

पण कुंकू राहिलं आणि शेत गेलं, असंही होऊ शकतं. नवरा वारल्यावर विधवेचं नाव सातबाऱ्यावर लागतं खरं, पण बरेचदा ते कब्जेदाराच्या रकान्यात न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात जातं. तिथं नाव असलेल्या बाईला बँक पीककर्ज देताना खळखळ करते आणि सरकारी योजना तिला शेतकरी म्हणून ओळखत नाहीत. सातबारा आता सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. वाचकांनी आपल्या घरच्या जमिनीचा उतारा आज काढून पाहावा. आई, आजी, आत्या, बहीण कोणत्या रकान्यात आहेत ते बघावं. नाव चुकीच्या जागी असेल किंवा नसेलच, तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा. आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची वेळ आली, तर आधी तिला तिच्या वाट्याला किती जमीन येते ते आकड्यात सांगावं, मग सही मागावी.